रेंज होती, जागा नव्हती

आमच्या अब्बांनी आयुष्यभर क्रिकेट ऐकलं. पाहिलं फार कमी. एस.टी.त कंडक्टर होते. निम्मं आयुष्य मुक्कामी गाडीवर गेलं. १९८३ ची वर्ल्डकप फायनल त्यांनी मुक्कामाच्या गावी एका चहाच्या हॉटेलात, ट्रान्झिस्टरभोवती जमलेल्या पंचवीस-तीस माणसांत उभं राहून ऐकली. ती हकीकत आम्हा भावंडांना तोंडपाठ आहे. त्यामुळे २०२३ चा वर्ल्डकप भारतात होणार आणि त्यातले पाच सामने पुण्याजवळ गहुंजेला होणार हे कळल्यावर माझ्या धाकट्या भावानं ठरवून टाकलं, अब्बांना एक तरी मॅच मैदानात बसून दाखवायची. अब्बांचं वय ७२, त्यात शुगर. अम्मीचा जीव खालीवर. पण अब्बा त्या दिवसापासून स्वतःहून सकाळी फिरायला जायला लागले, तेव्हा तीही गप्प बसली.

तिकिटं मिळाली चार, तीही दोन एका स्टँडमध्ये आणि दोन दुसऱ्या. १९ ऑक्टोबर, गुरुवार, भारत विरुद्ध बांगलादेश. अब्बा आणि भाऊ एका बाजूला, मी आणि माझी मुलगी दुसऱ्या बाजूला असं ठरलं. "फोन आहेत की सगळ्यांकडे," भाऊ म्हणाला, आणि तो विषय तिथंच संपला.

सकाळी साताऱ्याहून निघालो. खंबाटकी घाट उतरल्यावर अब्बा मागच्या सीटवरून म्हणाले, "चुकामूक झाली तर ज्या गेटानं आत गेलो, त्या गेटाशी येऊन थांबायचं. इकडंतिकडं फिरायचं नाही." आम्ही "हो अब्बा" म्हणालो. मुलगी कानात इअरफोन घालून बसली होती. खरं सांगायचं तर माझ्याही ते एका कानातून दुसऱ्या कानात गेलं.

गहुंजे मुंबई-पुणे एक्सप्रेस वेला लागून आहे. स्टेडियम शहरात नाही, मोकळ्या माळावर. एरवी तिथं आसपासच्या गावांची आणि नव्या सोसायट्यांची काय ती वस्ती. मॅचच्या दिवशी ४० हजारांच्या आसपास माणसं तीन-चार तासांत एका गोल भिंतीच्या आत येऊन बसतात. प्रत्येकाच्या खिशात एक फोन, कुणाच्या दोन.

मैदान पाहून अब्बा काही बोलले नाहीत म्हणे. भावानं नंतर सांगितलं. नुसतं हिरव्या गवताकडं बघत राहिले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "एवढं जवळ असतं होय?"

मी आमच्या जागेवरून अम्मीला मेसेज टाकला, 'पोहोचलो. अब्बा खूश आहेत.' शेजारी गोल गोल चकती फिरत राहिली. वर बघितलं तर रेंजच्या दांड्या पूर्ण भरलेल्या. फोन बंद करून चालू केला, काही फरक नाही. पुढच्या रांगेतली पोरं हात उंच करून फोन आभाळाला दाखवत होती, जणू ढगातून रेंज टपकणार आहे. मीही एकदा केलं ते. मग नाद सोडला.

पहिल्या डावात गंमत अशी झाली, की नवव्या षटकात हार्दिक पंड्या आपल्याच गोलंदाजीवर पायानं चेंडू अडवायला गेला आणि घसरून पडला. तो लंगडत बाहेर गेला आणि उरलेले तीन चेंडू टाकायला चक्क विराट कोहली आला. स्टँडमध्ये नुसता दंगा. पण हार्दिकला नेमकं काय झालं, तो परत येणार का, आम्हाला कुणालाच कळेना. एरवी दोन मिनिटांत फोनवर बातमी आली असती. त्या दिवशी साताऱ्यात टीव्हीसमोर बसलेल्या अम्मीला सगळं माहीत होतं आणि मैदानात बसलेले आम्ही एकमेकांना विचारत होतो.

बांगलादेशचे २५६ झाले. मधल्या सुट्टीत सूर्य मावळला. अब्बा वजू करून कुठं कोपरा मिळाला तर मगरिब पढून येतो म्हणून उठले. भावानं बाटलीभर पाणी आणलं होतं ते त्यांच्या हातात दिलं आणि जागा धरून बसला. दोघांची तिकिटं त्याच्याच खिशात.

पुढं काय झालं ते मला रात्री कळलं. म्हणजे भारताची फलंदाजी चालू असताना, रोहित ४८ वर बाद झाला तेव्हा, गिलनं पन्नास केले तेव्हा, मी आणि माझी लेक टाळ्या पिटत होतो. आणि त्याच वेळी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला माझा भाऊ अब्बांना फोन लावत होता. लागत नव्हता. अब्बांच्या साध्या बटणांच्या फोनवरून त्यांनीही तीनदा लावला होता. नुसतं टूं टूं. भावानं मला मेसेज केला, 'अब्बा तुझ्याकडे आलेत का? गोळी तुझ्याजवळ आहे ना?' एकच टिक. तो खाली उतरला, स्वच्छतागृहं पाहिली, पाणपोईपाशी विचारलं, अब्बा आले तर आपण जागेवर असायला हवं म्हणून परत वर आला. मग पुन्हा खाली. एका जिन्याजवळ दोन मिनिटं इंटरनेट आल्यासारखं वाटलं, म्हणून बराच वेळ तो त्या जिन्याशीच उभा राहिला. नंतर तो स्वतःच म्हणाला, "बाजी, मी अब्बांना नाही, रेंज शोधत बसलो." शेवटी त्यानं मनाची समजूत घातली की अब्बा गोळी घ्यायला माझ्याकडेच गेले असतील.

इकडे मला वाटत होतं ते दोघं मजेत आहेत. कोहलीचं शतक पुरं व्हावं म्हणून राहुल एकेरी धावा नाकारत होता, अख्खं मैदान उभं होतं. कोहलीनं षटकार मारला, शतकही झालं आणि मॅचही जिंकली. हजारो फोन एकदम वर गेले. मीही व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. मी तो बघत नाही.

गर्दीतून वाट काढत, अंधारात सारख्या दिसणाऱ्या गाड्यांमधून आमची गाडी शोधायला अर्धा तास गेला. भाऊ गाडीपाशी एकटाच उभा होता. आम्ही दोघांनी एकाच वेळी विचारलं, "अब्बा कुठायत?"

ते क्षण मला शब्दांत सांगता येत नाहीत. माझ्या पर्समध्ये त्यांच्या गोळ्यांची स्ट्रिप. दुपारी एकला जेवलेले. रात्रीचे दहा वाजत आलेले. शुगर उतरली की त्यांना दरदरून घाम येतो, बोलणं अडखळतं, अनोळखी माणसाला वाटेल दुसरंच काही. मुलगी रडायला लागली. भाऊ पुन्हा फोन लावायला लागला. मी मात्र, का कोण जाणे, खंबाटकी घाटाखालचं ते वाक्य आठवलं. "तू अब्बांना घेऊन कुठल्या गेटानं आत गेलास?" मी भावाला विचारलं. तो माझ्याकडं बघत राहिला.

बाहेर पडणाऱ्या लोंढ्याच्या उलट दिशेनं चालणं म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. दुआ पुटपुटत, लोकांचे धक्के खात आम्ही गेटाशी आलो. आतल्या बाजूला, रखवालदाराच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर अब्बा बसले होते. हातात पारले-जीचा अर्धा पुडा. आम्हाला पाहून म्हणाले, "आलात? किती विकेटनी जिंकलो?"

नमाज झाल्यावर ते परत निघाले, पण सगळे जिने सारखे. चुकीच्या जिन्यानं वर गेले. तिथल्या माणसानं तिकीट मागितलं, तिकीट भावाकडे. ब्लॉकचं नाव त्यांना आठवेना. कंडक्टरनं विनातिकीट वाद घालायचा नाही, म्हणून ते मुकाट्यानं उतरून गेटाशी आले आणि बसले. तो रखवालदार बीडकडचा होता. अब्बांनी शुगरचं सांगितल्यावर त्यानं आपल्या डब्यातली भाकरी पुढं केली, वर बिस्किटं दिली. अल्लाह त्याला बरकत देवो. भारताचा सगळा डाव अब्बांनी तिथं बसून, भिंतीपलीकडच्या आवाजावरून ऐकला. चौकाराचा आवाज वेगळा, षटकाराचा वेगळा, आणि विकेट पडली की सगळं कसं एकदम खाली बसतं, हे ते रखवालदाराला समजावून सांगत होते.

गाडी हायवेला लागली आणि बायपासवर आमचे फोन एकदम किणकिणायला लागले. माझा दुपारचा 'पोहोचलो' अम्मीला तेव्हा पोहोचला. भावाचा 'अब्बा तुझ्याकडे आलेत का?' मला तेव्हा मिळाला. अब्बा माझ्या शेजारी बसून गोळी घेत होते आणि मी तो मेसेज वाचत होते.

मुलगी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिला विचारलं, दांड्या तर भरलेल्या होत्या, मग असं का? ती म्हणाली, दांड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय. टॉवरला तुमच्यासाठी वेळ आहे का, हे त्या सांगत नाहीत. एका टॉवरवर ठरावीक अँटेना असतात, प्रत्येकीच्या वाट्याला लहरींचा ठरावीक पट्टा येतो, आणि तेवढ्यातच सगळ्यांना वाटून घ्यायचं असतं. रोजच्या वस्तीला ते पुरतं. त्याच जागी हजारो माणसं आली, त्यातल्या निम्म्यांनी व्हिडिओ पाठवायला घेतला, की वाटणीला काही उरतच नाही. त्यातून फोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, तेव्हा नुसत्या विचारणांचीच गर्दी होते आणि बॅटरीही भराभर उतरते. जगातल्या कुठल्याही मोठ्या मैदानावर हे होतं, म्हणाली. उपाय आहेत. स्टँडच्या छताखाली छोट्या छोट्या अँटेना लावतात, एकेक अँटेना थोड्याच खुर्च्यांपुरती. कुंभमेळ्यासारख्या ठिकाणी तर गाडीवर बसवलेले टॉवरच आणून उभे करतात. पण ते पैशाचं काम. आणि फोन लागत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर चकती बघत बसण्यापेक्षा साधा एसएमएस करावा, त्याला फार थोडी जागा लागते, तो फटीतून निघून जाण्याची शक्यता जास्त. हे तिला आधीच माहीत होतं! मी म्हटलं, मग केला का नाहीस? "मम्मी, मला कुठं माहीत होतं नाना हरवलेत?" तेही खरंच.

अब्बा इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे गाडी स्टँडला लागलेली दिसते, पण आत पाय ठेवायला जागा नाही. दिवाळीची एस.टी."

"बरोबर नाना," मुलगी म्हणाली.

मग मी विचारलं, ते गेटाशी थांबायचं तुम्हाला कसं सुचलं? म्हणाले, हजला शिकलो. त्यांच्या हजच्या वेळी मिनामध्ये सगळे तंबू सारखे, लाखोंची गर्दी आणि ऐन वेळी फोन लागेना. हातातल्या नंबरच्या कड्यावर भिस्त. बरोबरच्या खादिमुल हुज्जाजनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना आपल्या तंबूजवळच्या खांबाचा नंबर पाठ करायला लावला होता, कोण चुकलं तर त्या खांबाशी या. अम्मी चुकली होती एकदा. तासाभरानं खांबाशी सापडली. "तेव्हा मी तिला शोधत फिरलो असतो," अब्बा म्हणाले, "तर दोघंही हरवलो असतो."

भावानं गाडी चालवता चालवता डोळे पुसले. आम्ही कुणी काही बोललो नाही. खेड शिवापूरच्या टोलनाक्याशी चहा घेतला. आता कुठंही गर्दीत जायचं झालं, अगदी लग्नालासुद्धा, तर तो ज्याचं तिकीट त्याच्या हातात देतो आणि चिठ्ठीवर नंबर लिहून अब्बांच्या खिशात ठेवतो. अम्मी त्याला हसते.

घरी पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. अम्मी जागीच. हरवल्याचं आम्ही त्या रात्री तिला सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी अब्बांनीच सांगितलं. त्या रात्री ते फक्त मॅचबद्दल बोलत राहिले. गवत कसं हिरवंगार होतं, कोहलीनं तीन चेंडू टाकले ते आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, हार्दिकला काय झालं ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

"घोटा मुरगळला त्याचा," अम्मी भाकरी वाढता वाढता म्हणाली. "तपासायला घेऊन गेले. दुपारपासून टीव्हीवर सांगतायत."

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. मग ताट पुढं ओढलं आणि म्हणाले, "आणि शतकाचं काय सांगत होते? ते जरा नीट सांग."