घोटा सुटला तेव्हा किक लागली

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमधला यवतेश्वरचा घाट मी न थांबता चढतो. त्यामुळे गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 ची तयारी सुरू केली तेव्हा काळजी होती ती दमाची आणि हातांची. मिरामारच्या समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल आणि शेवटी 21.1 किलोमीटर पळायचं. पाय तयारच आहेत, असं मी धरून चाललो होतो. पण कोल्हापुरातल्या तलावात फळी धरून नुसते पाय मारायला लागलो आणि जागचा हलेना. मांड्या भरून आल्या, मागे पाणी हातभर उंच उडत होतं आणि फळी हळूहळू उलट माझ्याच बाजूला, मागे सरकत होती. शेजारच्या लेनमधली शाळकरी पोरं गप्पा मारत पुढे निघून जात होती.

शिकवणारा मुलगा माझ्याहून बराच लहान. त्याने मला काठावर बसवलं, पाय समोर पसरायला लावले आणि चवडे खाली दाबायला सांगितले. मग स्वतःचा पाय शेजारी ठेवला. त्याचा अंगठा फरशीला टेकायला आला होता. माझा चवडा अर्ध्यातच अडकला होता.

"सर, मांडीत ताकद लई हाय तुमच्या. पण पाऊल ढिलंच पडत न्हाई, मग पाण्याला जोर लागायचा कुठनं?"

फ्रीस्टाइलची किक कमरेपासून निघते, गुडघा जरासा मोडतो, पण पाणी मागे रेटण्याचं काम पावलाची वरची बाजू करते. पाय खाली येताना पाऊल नडगीच्या रेषेत सरळ झालं आणि किंचित आत वळलं, तर पाणी मागे जातं आणि शरीर पुढे. घोटा आखडलेला असला की पाऊल काटकोनाच्या आसपास अडून राहतं आणि पाणी खाली नि पुढे ढकलतं. मग मांडीने कितीही जोर लावा, तो अडथळाच वाढवतो. फळी मागे का येत होती ते मला तिथे काठावर बसल्या बसल्या कळलं.

आम्हा पळणाऱ्यांना ताठ घोटा फायद्याचाच असतो. पाऊल जमिनीवर पडलं की टाचेमागची जाड शीर ताणली जाते आणि उसळून ताकद परत देते. तिथे ढिला घोटा चालत नाही. शिवाय पळून आलो की आम्ही सगळे भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणतो. त्याने चवडा वर यायला मदत होते. पोहताना लागते ती नेमकी उलटी हालचाल, आणि ती अडते घोट्याच्या पुढच्या बाजूला, नडगीलगतच्या स्नायूत आणि पावलावरून जाणाऱ्या शिरांत. ही जागा आमच्या व्यायामात कायम कोरडीच राहते.

माझा घोटा सोडवला तो वज्रासनाने. लहानपणी शाळेत घातलेलं आसन, पण सुरुवातीला टाचांवर बसताच येईना. घोटे आणि फरशी यांच्यामध्ये एवढी पोकळी राहायची की हात सहज आत जाईल. मग त्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवायची, टाचांवर उशी ठेवायची आणि तिच्यावर बसायचं. पावलाच्या वरच्या बाजूला ताण जाणवला पाहिजे, कळ नको. अर्धा मिनिट बसायचं, उठायचं, पाय झटकायचे, पुन्हा बसायचं. पोहून किंवा गरम पाण्याने आंघोळ करून आल्यावर शरीर सैल असतं, तेव्हा हे उत्तम जमतं. काही आठवड्यांनी गुंडाळी पातळ केली, मग काढली. त्यानंतर हात मागे टेकून दोन्ही गुडघे बोटभर वर उचलायला लागलो. खरा ताण तिथे बसतो. घाई केली तर गुडघा दुखावतो, म्हणून ही पायरी सगळ्यात शेवटी.

पाण्यात आखूड, मऊ फिन्सचा उपयोग झाला. पाणीच पाऊल मागे वाकवतं आणि पाऊल मागे गेल्यावर किक कशी लागते, हे पायाला कळतं. मात्र चवडा मुद्दाम ताणून धरायचा नाही. मी ताणायला गेलो की पोटरीत गोळा यायचा. पाऊल सैल सोडायचं, त्याला वळण पाणी देतं.

फरक महिन्यांनी दिसला. आधी आवाज कमी झाला, मग मांड्यांची आग थांबली, आणि पाय पृष्ठभागाजवळ राहू लागले. ट्रायथलॉनमध्ये पुढे सायकल आणि पळणं असतं, म्हणून पाय राखून ठेवावे लागतात. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं बरंचसं काम हातच करतात. तरीही बुडालेले पाय ओढत नेण्यात जी ताकद जाते ती वाचते, आणि माझ्या मते लांब अंतर पोहणाऱ्यासाठी हाच मोठा लाभ आहे.

ब्रेस्टस्ट्रोकचं गणित वेगळं. त्यात पाऊल वर ओढून बाहेर वळवावं लागतं. त्यासाठी टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसण्याचा सराव चांगला. गावाकडच्या बायाबापड्या तासन् तास तसं बसून काम करतात, आम्हा खुर्चीवाल्यांच्या टाचा मात्र लगेच उचलल्या जातात.

घोटा लवचिक करताना त्याची ताकद घालवू नका. घाटात आणि खडीवर पळणाऱ्याने तर एका पायावर तोल धरणं आणि टाचा उचलणं चालूच ठेवावं. पूर्वी पाय जोरात मुरगळला असेल, गुडघ्याचं दुखणं असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. बाकी पळणाऱ्या मित्रांना एवढंच सांगणं आहे, की किक लागत नाही म्हणून मांड्यांचा व्यायाम वाढवण्याआधी आज घरी सतरंजीवर टाचांवर बसून बघा आणि घोट्याखाली किती जागा उरते ते तपासा.