यादी भिंतीवर लागली पाहिजे

पांढुर्ण्याजवळचं आमचं तिगाव 1956 च्या प्रांतरचनेत मध्य प्रदेशातच राहिलं. घरात मराठी, कचेरीत हिंदी. तुमच्यापैकी अनेकांच्या कचेरीत कन्नड असते, म्हणून हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं पंचायतीच्या नेमणुकांच्या फायलींत गेली. 1994 ला नवं पंचायत राज आलं आणि शिक्षाकर्मी नेमण्याचं काम जनपद पंचायतीकडे, म्हणजे तुमच्याकडच्या तालुका पंचायतीसारख्या संस्थेकडे आलं. 1997 पासून शिक्षण हमी योजनेच्या शाळेसाठी गुरुजीचं नाव गावच सुचवू लागलं. अंगणवाडी सेविका तर त्याच गावची हवी. म्हणजे प्रत्येक उमेदवार कुणाची तरी सून नाहीतर भाची. संध्याकाळी ओट्यावर कुणीतरी येऊन बसायचंच, "भाऊ, आमच्या पोरीचं पाहा ना जी!" नाही म्हटलं तर नातं दुखावतं, हो म्हटलं तर दुसऱ्या घरच्या पोरीच्या तोंडचा घास जातो.

अशा वेळी नियमच पाठीशी उभा राहायचा. गुणांची बेरीज करायची, गुणवत्ता यादी भिंतीवर लावायची, हरकती ऐकायच्या आणि मगच नेमणूक. मी म्हणायचो, "काका, यादी लागली आहे. बेरीज तुम्हीच करून बघा." लोक खरंच पेन्सिल घेऊन यायचे. एकदा एका बाईनं यादीवर बोट ठेवून दाखवलं, की वरच्या उमेदवाराचे एका विषयाचे गुण दोनदा धरले आहेत. तिची हरकत मान्य झाली, नेमणूक तिला मिळाली.

गावात वशिला चालतो, म्हणून परीक्षा लांब न्यावी असं पुष्कळांना वाटे. 2005 पासून संविदा शिक्षकांची पात्रता परीक्षा भोपाळच्या व्यापमकडे गेली. 2013 ला व्यापमचा घोटाळा उघड झाला, त्यात हीही परीक्षा निघाली. 2015 ला सर्वोच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडे सोपवला. तुमच्या कर्नाटकातही 545 फौजदारांची भरती परीक्षा गैरप्रकारांमुळे 2022 ला रद्द करावी लागली.

तेव्हा परीक्षा लांब नेली म्हणून वशिला सुटत नाही. गावात निदान त्या बाईला बोट ठेवायला भिंत होती. भोपाळच्या बंद खोलीतली उत्तरपत्रिका कुणाला दिसणार? तुमच्या गावात पुढची नेमणूक होईल तेव्हा आपल्या पोरीचं नाव जरूर शोधा, पण वरच्या नावांची बेरीजही करून बघा. यादी वाचणारं कुणी असलं, तरच ती सरळ राहते.