मांजराच्या ताटलीचा हिशेब

दादी हयात होत्या तोवर आमच्या घरात मांजराच्या खाण्याचा विषय कधी निघालाच नाही. बेलवलीत तेव्हा आमचे बैठे घर होते. पुढे अंगण, मागे पडवी आणि पडवीपलीकडे झाडी. मनी नावाची करडी मांजर घरातही असे आणि बाहेरही. दादी तिला सकाळी बशीभर दुधात शिळी चपाती कुस्करून देत. मासे आले की बांगड्याची डोकी तिची. “बिल्लीला आणखी काय लागते?” असे दादी म्हणत. मनी खूप वर्षे जगली आणि आम्हाला वाटत राहिले की ती दूध-चपातीवर जगली. रात्रभर ती बाहेर काय खात होती, ते कोणी पाहिले नव्हते. तांदळाच्या पिंपामागे उंदीर दिसत नाही, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

पुढे त्या जागेवर इमारत उभी राहिली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. एका पावसाळ्यात जिन्याखाली भिजलेले पिल्लू सापडले. मुलांनी ते टॉवेलात गुंडाळून वर आणले आणि कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून त्याचे नाव चांद ठेवले. खाली रहदारीचा रस्ता, म्हणून सगळ्या खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसवून घेतली. चांद सुरक्षित झाला, म्हणून आम्ही निश्चिंत झालो.

मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. त्या बाईला शिक्षा झाली ती मांजर पाळली म्हणून नव्हे. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर शोधून खायला मोकळेही सोडले नाही. आम्ही ही हदीस मुलांना अनेकदा सांगितली होती, पण तिच्यातल्या दुसऱ्या अर्ध्याकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. दादींनी मनीला दूध-चपाती दिली, पण दारही उघडे ठेवले होते. आम्ही जाळी बसवली त्या दिवशी चांदचा उंदीर बंद झाला. आता त्याच्या पोटात जे जाणार ते फक्त आमच्या हातून जाणार होते, आणि आम्ही त्याला देत होतो दूध-चपाती.

पहिले दोन महिने त्याचे पोट सतत बिघडलेले असे. आम्ही जंताचे औषध दिले, तरी फरक पडेना. खरे कारण बशीत होते. बहुतेक मांजरांना आईचे दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवता येत नाही. दूध ती आवडीने पितात, हा वेगळा भाग. मुलांना कुल्फी आवडते म्हणून आपण तिन्ही वेळ कुल्फी देत नाही. दूध बंद केले आणि चार दिवसांत त्याचे पोट ठीक झाले.

मग आम्ही सुक्या दाण्यांच्या खाद्याकडे वळलो, आणि तेही दुकानात गोणीतून सुटे मिळणारे, कारण ते स्वस्त. त्याच्यावर कोणते नाव नाही, कोणती तारीख नाही. गोणी किती दिवस उघडी आहे, हे आम्ही विचारले नाही. सोबतीला चिमूटभर सुकट. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत ताजे मासे महाग होतात, त्यामुळे सुकटीचा आधार. त्यातल्या मिठाचा विचार आमच्या मनात आला नाही. पाण्याची वाटी दाण्यांच्या वाटीला चिकटून ठेवलेली, तीही अर्धी. चांद गुबगुबीत झाला. येणारे-जाणारे म्हणत, “माशाअल्लाह, काय तब्येत आहे!” आम्हाला बरे वाटायचे.

तो तीन वर्षांचा असताना एका रात्री, इशाच्या नमाजानंतर, तो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. बसायचा, ओरडायचा, उतरायचा, पुन्हा जाऊन बसायचा. अम्मी म्हणाल्या, “बद्धकोष्ठ झाले असेल.” ते बद्धकोष्ठ नव्हते. त्याला लघवी होत नव्हती. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम चढते आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकते. हे आम्हाला नंतर कळले. त्या रात्री एवढेच दिसत होते की तो ओरडतो आहे आणि बाहेर पाऊस थांबत नाही. भुयारी मार्गात पाणी भरलेले, त्यामुळे रिक्षावाल्याने लांबून पुलावरून वळसा घेतला. मांडीवरच्या पिशवीत चांद ओरडायचा थांबला, तेव्हा आमची सगळ्यांत जास्त घाबरगुंडी उडाली.

अल्लाहच्या कृपेने तो वाचला. डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली आणि तीन दिवस सलाईनवर ठेवले. आम्ही सुट्या दाण्यांवर वर्षभरात जे वाचवले होते त्याच्या कितीतरी पट पैसे त्या तीन दिवसांत गेले. डॉक्टर रागावले नाहीत. एका खाण्यामुळेच हे झाले असेही ते म्हणाले नाहीत. वजन, एका जागी बसून राहणे, घरातला ताण अशा अनेक गोष्टी असतात, पण कोरडे खाणे आणि कमी पाणी ही त्यांतली मोठी, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी विचारले, “खायला काय देता? पाकीट आणा बरे.” आमच्याकडे दाखवायला पाकीट नव्हते.

त्यानंतर आमच्या घरात पाकिटे वाचायची सुरुवात झाली. अब्बांनी निवृत्तीपर्यंत हिशेब लिहिण्याचेच काम केलेले. ते चष्मा लावून बसले आणि वहीत दोन रकाने आखले. त्यांची पहिली तक्रार ही की किलोचा भाव फसवा असतो. मांजर किलो खात नाही, उष्मांक खाते. साधारण चार किलोच्या, घरात बसणाऱ्या मांजराला दिवसाला 200 ते 250 उष्मांक पुरतात. आता समजा, एक खाद्य 400 रुपये किलो आहे आणि त्याच्या 100 ग्रॅममध्ये 320 उष्मांक आहेत. दुसरे 600 रुपये किलो आणि 100 ग्रॅममध्ये 400 उष्मांक. दिवसाला 220 उष्मांक धरले तर पहिले सुमारे 69 ग्रॅम लागते, म्हणजे साडेसत्तावीस रुपये. दुसरे 55 ग्रॅम, म्हणजे 33 रुपये. किलोला 200 रुपयांचा दिसणारा फरक रोजचा साडेपाच रुपयांवर आला. अब्बा म्हणाले, “एका कटिंग चहाचाही फरक नाही.” आणि त्याच दिवशी कळले की चांदला आम्ही वाटीने मोजून जवळजवळ दीडपट खायला घालत होतो. स्वस्त दाणे जास्त घालून आम्ही ते महागच केले होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. सुक्या दाण्यांत दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असते, ओल्या पाऊचमध्ये 75 ते 80 टक्के. त्यामुळे पाऊचवर प्रथिने 8 टक्के आणि दाण्यांवर 30 टक्के वाचून आपण दाणे उचलतो. पाणी वजा केले तर पाऊचची प्रथिने 40 टक्के निघतात आणि दाण्यांची 33. पण निव्वळ पाऊचवर मांजर ठेवायचे तर 85 ग्रॅमचे तीन पाऊच रोज लागतील, आणि ते आमच्या घराला झेपणारे नाही. म्हणून आता सकाळी मोजून दाणे, संध्याकाळी एक पाऊच आणि त्यात दोन चमचे पाणी. पाण्याच्या वाट्या तीन, वेगवेगळ्या खोल्यांत आणि जेवणापासून दूर. वुजूच्या वेळी नळ सुरू झाला की चांद धावत येतो आणि धारेचे पाणी चाटतो. त्याला हुसकायचे नाही, असा आता घरातला नियम आहे. अबू कतादा (रजि.) यांनी वुजूचे भांडे मांजरीला पाणी पिता यावे म्हणून तिरपे धरले होते, ही गोष्ट आमची मुलगी पाहुण्यांना आवर्जून सांगते.

तिसरी गोष्ट शब्दांची. पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित आहार’ असे लिहिलेले हवे, आणि तो कोणत्या वयासाठी ते हवे. ‘पूरक’ लिहिलेले असेल तर ते खाऊ समजावे. मुलांना आवडणाऱ्या त्या मलईच्या नळ्या बहुधा यातल्याच. मोठ्या अक्षरांत ‘ट्यूना फ्लेवर’ असेल तर आत ट्यूना आहेच असे नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तिथे पहिले नाव मांस-माशाचे आहे की मक्याचे, ते पाहावे. आणि कुत्र्याचे स्वस्त खाद्य मांजराला चालवू नये. टॉरिन नावाचा एक घटक कुत्रा बहुधा स्वतःच्या शरीरात तयार करतो, मांजराला तो पुरेसा करता येत नाही. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू कमकुवत होतात. पाकीटबंद खाद्य खाणाऱ्या मांजरांतही हा हृदयविकार टॉरिनअभावी होतो, हे 1987 मध्ये अमेरिकेतील पशुवैद्य पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, तेव्हा कुठे कंपन्यांनी त्याचे प्रमाण वाढवले. उंदराच्या अंगात टॉरिन भरपूर असते. मनीचे दीर्घायुष्य दुधात नव्हते.

पाकिटातल्या मांसाचा प्रश्न आपल्या घरांत निघतोच. आम्ही मशिदीतल्या मौलानांना विचारले. या बाबतीत उलेमांची मते एकसारखी नाहीत, असे त्यांनी सांगितले. आम्ही आमच्यापुरता सोपा मार्ग धरला. डुकराचे काही असलेले पाकीट घरात आणायचे नाही, शक्यतो माशाचे घ्यायचे आणि ताजे मांस द्यायचे ते आपल्या नेहमीच्या चिकनवाल्याकडचे. दुसऱ्या कुटुंबाने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे.

चिकनवाल्याकडची खरेदी मात्र आम्हाला फार उपयोगी पडली. दिल, म्हणजे कोंबडीचे हृदय, स्वस्त मिळते आणि त्यात टॉरिन चांगले असते. थोड्या पाण्यात, मीठ-मसाला न घालता उकडायचे आणि ते पाणीही द्यायचे, कारण टॉरिन पाण्यात उतरते. कलेजी आठवड्यातून एकदा, सुपारीएवढी. तिच्यातले जीवनसत्त्व ‘अ’ साठत गेले तर हाडांना त्रास होतो. पण हे सगळे वरचे खाणे. नुसत्या उकडलेल्या कोंबडीवर मांजर वाढवायचे ठरवले तर कॅल्शियम कमी पडते आणि पिल्लांची हाडे ठिसूळ होतात. शिजवलेली हाडे तर अजिबात नाहीत, ती फुटून टोचतात.

सगळ्यांत अवघड गेले ते सालनचे. आपल्या दस्तरखानावर मांजर येऊन बसले आणि त्याला बोटी दिली नाही, असे अम्मींच्या हातून होत नसे. त्या बोटी पाण्याने धुऊन देत. पण कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि शिजवले तरी तो गुण जात नाही. सालनमध्ये मुरलेली बोटी धुऊन काय होणार? बकरी ईदला आम्ही आता मसाला लावण्याआधीच बिनचरबीचा लहान तुकडा काढून ठेवतो आणि उकडून देतो. अम्मी अजूनही म्हणतात, “बिचारा तोंडाकडे बघतो.” तो बघतोच. रमजानमध्ये सहरीला तर भांडे वाजण्याआधी तो किचनच्या दारात हजर असतो. तेव्हा सकाळच्या दाण्यांतले थोडे सहरीलाच देतो. नाहीतर अम्मींचा हात कुठे जाईल, सांगता येत नाही.

गोणीतून सुटे घेणे सोडले, तसे दहा किलोचे मोठे पाकीट घेण्याचा मोहही सोडला. एका मांजराला ते पाच-सहा महिने पुरते, आणि आपल्या दमट हवेत उघडे पाकीट तितके टिकत नाही, चरबीला खवट वास येतो. आम्ही दीड-दोन किलोचे घेतो, पाकिटासकट डब्यात ठेवतो आणि उघडल्याची तारीख वर लिहितो. दुसरे खाद्य आणायचे झाले तर आठवडाभर जुन्यात थोडे थोडे मिसळतो. एकदम बदलले तर चांद वाटीकडे पाठ करून बसतो, आणि “भूक लागली की खाईल” हे मांजराला लागू नाही. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाणे सोडले तर यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकते.

“माणसांची महागाई काय कमी आहे, की मांजराला वजनकाटा?” असे शेजारच्या खाला म्हणाल्या होत्या. त्यांचे बोलणे आम्हाला लागले, कारण ते आमच्याही मनात होते. मुलीच्या क्लासची फी थकलेली असताना मांजराच्या खाद्यावर पैसे घालणे सोपे नाही. त्यावर आमच्याकडे एकच उत्तर होते. आमच्या घराला एकच मांजर परवडते, म्हणून चांदची नसबंदी केली आणि जिन्यात आलेले दुसरे पिल्लू ठेवून घेतले नाही. मुले दोन दिवस रडली. ते पिल्लू खालांनीच नेले.

परवा त्या अब्बांकडे रिकामी वही मागायला आल्या होत्या. अब्बांनी आधी विचारले, “पिल्लाचे वजन किती?” खालांना ते माहीत नव्हते. मग दोघे काटा घेऊन त्यांच्या घरी गेले. अगोदर खाला पिल्लाला घेऊन काट्यावर उभ्या राहिल्या, मग पिल्लाशिवाय, आणि दोन्ही वेळा अब्बांना आकडा बघायची मनाई होती. वजाबाकी खालांनी स्वतःच केली.