दुसरी प्रत

आमच्या घरात वस्तू टाकून देण्याची पद्धत नाही. परळला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्यांनी खरे तर काहीच साठवू नये. परंतु नेमक्या अशाच घरांत बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत बटणे राहतात आणि जुन्या चादरींच्या पिशव्या होतात. त्यामुळे २०११ साली थोरल्याच्या कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेऊ लागला, तेव्हाही त्याला निरोप देण्याचा विचार आमच्या मनाला शिवला नाही. "ह्याच्या पोटात ५०० जीबीची जागा आहे. नव्या लॅपटॉपला हा जोडू आणि साठवणीचे कपाट म्हणून वापरू," असे आम्ही जाहीर केले. थोरला म्हणाला, "डॅडी, त्यापेक्षा एक नवी हार्ड डिस्क घ्या ना. काही हजारांचा तर प्रश्न आहे." 'काही हजार' हे शब्द त्याच्या पिढीच्या तोंडी जितके हलके वाटतात, तितके ते आम्हांला कधीच वाटले नाहीत.

वाद वरवर पैशांचा होता. खरा प्रश्न त्या लॅपटॉपमध्ये काय होते, हा होता.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरणे शक्य नाही. हिंदमाताचा परिसर आधीच बशीसारखा खोलगट. त्या दिवशी आमच्या खोलीत कमरेएवढे पाणी होते. कपाटाचा सर्वांत खालचा खण फोटोंच्या आल्बमांचा. पाणी ओसरल्यावर आम्ही ते उघडले, तर फोटो एकमेकांस चिकटलेले. सोडवू जाता चेहऱ्यांचा रंग बोटांना लागे. वाचले तेवढे आम्ही वाळवले आणि पुढे लॅपटॉप आल्यावर स्कॅन करून त्यात ठेवले. मूळ फोटो कालांतराने बुरशीने खाल्ले.

वरच्या फळीवर असल्यामुळे एक कॅसेट मात्र बचावली होती. १९९१ साली धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, साष्टीतल्या आमच्या मूळ गावी, उंबराचे पाणी आणायला बायका निघाल्या असता आईने म्हटलेली गाणी कोणी तरी त्यावर ध्वनिमुद्रित केली होती. २०१२ मध्ये आम्ही तीही लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. पुढे टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून ती पट्टी तुटली. २०१४ मध्ये आई गेली. तेव्हापासून तिचा आवाज ह्या जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण म्हणजे सुरू व्हायला दहा मिनिटे घेणारे ते यंत्र.

ह्या सत्याचा उच्चार मात्र घरात कोणी केला नव्हता. आम्ही आपले बचतीच्या गोष्टी बोलत होतो.

पहिला प्रयत्न आम्ही वायरीने केला. दोन्ही लॅपटॉपांना यूएसबीची भोके आहेत, तेव्हा एक वायर लावली की झाले, अशी आमची समजूत. काहीच घडले नाही. थोरल्याने हसत समजावले की, यूएसबीच्या व्यवहारात एक यजमान लागतो आणि एक पाहुणा. पेन ड्राइव्ह हा पाहुणा. लॅपटॉप हा यजमान. दोन यजमान समोरासमोर उभे राहिले, तर जेवायला कोण बसणार? ॲपलच्या काही संगणकांत यजमानाला पाहुणा करण्याची सोय असते; आमच्या लॅपटॉपात ती नव्हती.

दुसरा मार्ग वाय-फायचा. जुना लॅपटॉप चालू ठेवायचा, त्यातील एक फोल्डर घरातल्या इतर यंत्रांना खुला करायचा. हे जमले, पण एवढ्यासाठी सबंध लॅपटॉप तासन्‌तास चालता ठेवावा लागे. त्यातून त्याची प्रणाली विंडोज ७, जिच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजीच थांबल्या. असे यंत्र दिवसरात्र जाळ्यात जोडून ठेवणे म्हणजे रात्री दार उघडे टाकून निजणे. शिवाय सौ.च्या लक्षात आले की, लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही. उलटा करून पाहतो, तो बॅटरी फुगलेली! फुगलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. ती त्याच दिवशी काढली आणि आमच्या कपाटाच्या कल्पनेचेही दार बंद झाले.

उरला तिसरा मार्ग : लॅपटॉपमधील डिस्क काढून तिला वेगळ्या डबीत बसवणे. एका शनिवारी आम्ही प्रभादेवीहून गाडी धरली आणि ग्रँट रोडला उतरलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पाटीवर. बोलण्यात मात्र तो अजून लॅमिंग्टन रोडच. १९०३ ते १९०७ ह्या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या साहेबाचे नाव आज वायरी, मदरबोर्ड आणि चार्जर ह्यांच्या गर्दीत जिवंत आहे. एका चिंचोळ्या दुकानातील तरुणाने स्क्रू-ड्रायव्हरने लॅपटॉपचे पोट उघडले आणि अडीच इंची डिस्क आमच्या तळहातावर ठेवली. १९५६ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तिच्यात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. तळहातावरच्या ह्या चिमुकलीत त्याच्या लाखपट मावते! आमची छाती उगीचच फुगली.

"केसिंगला काही शेच पडतील," तो तरुण म्हणाला. "पण काका, ही किती वर्षांची?"

"चौदा."

त्याने क्षणभर डिस्ककडे पाहिले. "आतली तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते. चौदा वर्षांत किती झाले असतील, बघा. केसिंग नवीन असलं तरी आतली डिस्क जुनीच राहणार. घरी जाऊन आधी सर्वांत महत्त्वाचं असेल ते काढून घ्या. मग बाकीचं."

विक्री करणाऱ्यानेच सावध करावे, ह्याचे आम्हांला नवल वाटले. थोरल्याच्या आग्रहाने एक नवी डिस्कही घेतली. तिचे पैसे मोजताना आम्ही मुकाट होतो.

घरी आल्यावर प्रथम आईची गाणी नव्या डिस्कवर घेतली. ती आली. मग फोटो. एकूण ४२ जीबीचे, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचे काम. निम्म्यावर ते थांबले. केसिंगमधून टिक-टिक असा आवाज येऊ लागला. घरात कोणी बोलेना. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा थांबले. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते; थोरल्याने ती काढून पाहिली, तर तबकडीवरील खराब जागांचा आकडा वाढत चालला होता. तुकड्यातुकड्यांनी रात्री उशिरापर्यंत बाकीचे हाती लागले; परंतु बहिणीच्या लग्नाचे अकरा फोटो कायमचे गेले. महापुरातून वाचवलेले फोटो आम्ही काटकसरीपायी कपाटातल्या कपाटात गमावले.

दुसऱ्या दिवशी गिरगावात धाकटीकडे गेलो आणि खाली मान घालून सांगितले. ती उठून आत गेली आणि आपला आल्बम घेऊन आली. ते अकराही फोटो तिच्याजवळ छापील होते, स्वच्छ, कोरडे. लग्नानंतर स्टुडिओने दोन संच दिले होते आणि एक आईने तिच्याबरोबर सासरी पाठवला होता, हे आम्ही साफ विसरलो होतो. मग आठवले : २६ जुलैच्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३. आमच्या घरात कमरेएवढे पाणी असताना तिच्या आल्बमावर थेंबही पडला नव्हता.

आईला जीबी ठाऊक नव्हते. पण जुन्या लोकांना ही रीत ठाऊक होती. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायदेसंहितेत असा नियमच होता की, धर्मग्रामातील बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू ह्यांच्या नोंदवह्यांची अधिकृत प्रत दरवर्षीच्या अखेरीस बिशपांच्या कचेरीत पाठवावी. देवळाला आग लागो वा वाळवी, माणसाचे नाव दुसऱ्या छपराखाली शिल्लक राहावे, एवढाच त्यातला व्यवहार. आम्ही जुनी डिस्क की नवी, ह्यावर महिनाभर वाद घातला. विचारायला हवे होते ते एवढेच : प्रती किती, आणि त्या एकाच छपराखाली आहेत काय? नवी डिस्कही एके दिवशी बिघडणार आहे. ती नवी आहे म्हणून एकटी पुरेशी होत नाही.

एका डिस्कचे पैसे वाचवायला निघालेल्या आम्ही शेवटी दोन घेतल्या. एक आमच्याकडे, वरच्या फळीवर; दुसरी गिरगावात. दर नाताळात धाकटीकडे जाताना आमची डिस्क नेतो, दोन्ही उघडून पाहतो, वर्षाची भर घालतो. जुनी डिस्क बिस्किटांच्या डब्यात आहे. तीवर आई आहेच, पण तिच्यावर आम्ही विसंबून नाही.

पहिल्या नाताळात धाकटीने गाणी लावली. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, "दादा, मागे आपल्या विहिरीचा रहाट वाजतोय, ऐकलास?" इतक्या वर्षांत आम्ही तो ऐकला नव्हता. ती विहीर बुजवल्याला आता बरीच वर्षे झाली. आम्ही गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.