चढावरचा आवाज

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव फरीदबाबांच्या टेकडीमुळे दूरवर परिचित आहे. या टेकडीवर लहान, गोल दगडी गाठी सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांच्या मालाचे हे दगड झाले, अशी तेथील आख्यायिका. भूशास्त्राच्या दृष्टीने त्या झिओलाइट या खनिजाच्या गाठी होत. (जड तेलापासून पेट्रोल काढताना शुद्धीकरण कारखान्यांत याच जातीचे, पण कृत्रिम खनिज वापरतात, हे वाचून मला मौज वाटली होती.) मला मात्र गिरडने एक निराळीच विद्या शिकवली : मोटारीचा आवाज ऐकण्याची.

काही वर्षांपूर्वी कार्ब्युरेटर असलेली एक जुनी पेट्रोलगाडी माझ्या वापरात होती. नागपूरहून उमरेडमार्गे गिरडकडे येताना चढ लागला, की अॅक्सिलरेटर दाबताच इंजिनातून कणकण आवाज येई; जणू पत्र्याच्या डब्यात कोणी खडे घालून हलवीत आहे. सपाटीवर तो आपोआप थांबे. सोबतच्या गृहस्थांनी उपाय सुचवला, "फादर, काच वर करा, म्हणजे ऐकू येणार नाही." आम्ही दोघेही हसलो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे जवळच्या खेड्यातील एका वृद्ध बाईंना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला न्यायचे होते. फार दिवसांनी मिळालेली तारीख होती ती. गाडी वाटेत अडली असती, तर त्या माउलीला पुन्हा किती महिने अंधारात काढावे लागले असते, कोण जाणे!

गिरडच्या मिस्त्रीने बॉनेट उघडण्याची घाई केली नाही. "आवाज केव्हा येते ते सांगा, फादर. कसा येते ते मी आइकतो," एवढेच तो म्हणाला. मग त्याने गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस करायला लावली. आवाज नाही. म्हणजे पट्ट्याचा किंवा सायलेन्सरचा संशय कमी झाला. पुढे चढावर तो माझ्या शेजारी बसला. चौथ्या गिअरमध्ये कणकण, तिसरा टाकताच ती मंदावली. चाकाच्या बेअरिंगचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, गिअर बदलल्याने नव्हे. "बोजा पडला की वाजते, टायमिंग पुढे गेलं आहे," त्याने निदान केले.

या आवाजाला नॉकिंग म्हणतात. सिलिंडरमधील पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगीपासून क्रमाक्रमाने जळत जावे, अशी योजना असते. ठिणगी वेळेआधी पडली, इंजिन तापले, आत काजळीचा थर साचला, किंवा पेट्रोलचा ऑक्टेन अंक कमी असला, तर ज्वाला पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने एकदम भडकते. त्या धक्क्यांनी धातू कणकणतो. दुर्लक्ष केल्यास पिस्टनला भोकदेखील पडते. मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो किंचित फिरवला, प्लग साफ केले आणि पुन्हा चढावर नेऊन पाहिले. कणकण थांबली होती. दुसऱ्या दिवशी आजीबाई वेळेवर रुग्णालयात पोचल्या. आजच्या गाड्यांत हेच ऐकण्याचे काम नॉक सेन्सर करतो आणि संगणक ठिणगी मागे घेतो. मिस्त्रीच्या कानाची सोय कारखान्यातच झाली म्हणायची!

याच आवाजाने जगाला एकदा फार महाग पडणारा धडा दिला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी १९२१ च्या डिसेंबरात पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे संयुग, मिसळून नॉकिंग थांबवले. अल्कोहोलनेही ते थांबते, हे त्यांना ठाऊक होते. शिसे विषारी आहे, हेही तेव्हा कुणाला नवे नव्हते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. तरीही इंजिने शांत चालली आणि मुलांच्या रक्तात शिसे साचत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. जगातील शेवटचा देश अल्जीरिया, तेथे ती २०२१ मध्ये थांबली. काच वर करा म्हणणारे आमचे सोबती त्या मानाने अगदीच निरुपद्रवी! आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याचा ऑक्टेन अंक मोठा, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेला उपायच परत आला आहे. जुनी गाडी असणाऱ्यांनी रबरी नळ्या व पॅकिंग मात्र तपासून घ्यावेत.

इतर आवाजांविषयी थोडेच सांगतो. गाडी जोर घेताना पट्टा किंचाळला, तर तो सैल किंवा झिजलेला असतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणावर कटकट करीत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा पाहावा. तो तुटेपर्यंत थांबणे परवडत नाही.

एक आवाज मात्र गॅरेज गाठण्यापूर्वीच खिडक्या उघडायला लावणारा आहे. रेस वाढवताच इंजिनाजवळ टिकटिक किंवा फसफस ऐकू येते, विशेषतः सकाळी इंजिन थंड असताना. मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटल्याची ही खूण असू शकते. त्यातून निसटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि थंडीत काचा बंद करून मागच्या सीटवर मुले झोपलेली असतात. मिस्त्रीला सांध्यापाशी काजळीचा काळा डाग शोधायला सांगावे. नवे पॅकिंग बसेपर्यंत ती गाडी घरीच राहू द्यावी.