आकडा बघायच्या आधी वेळ बघा



ऑक्टोबर छाटण्या जवळ आल्यात. बरेच जण प्लॉटमध्ये हवामान यंत्र बसवायच्या बेतात आहेत, म्हणून मागच्या सीझनला माझं काय चुकलं ते सांगून ठेवतो.

आमची बाग निफाड तालुक्यात, कादवाकाठी. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने जिल्ह्यातल्या बागांचं काय केलं ते सांगायला नको. तेव्हाच ठरवलं, आता नुसत्या अंदाजावर फवारणी नको. पेपरात येणारा निफाडचा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा असतो. महावेधचं केंद्र महसूल मंडळाला एक. पण डाऊनीला पानावरचं पाणी लागतं. त्या पाण्यातून पोहतच बुरशीचे बीजाणू पानाच्या छिद्रात शिरतात. पान किती तास ओलं राहिलं, हे आपल्याच प्लॉटमध्ये मोजावं लागतं.

म्हणून वेलीच्या पानांतच पान-ओलाव्याचा सेन्सर बसवला. शेजारी सोलरवर चालणारा डेटा लॉगर, दर 15 मिनिटाला नोंद घेणारा. आता हा आकडा घरातल्या कॉम्प्युटरवर आणायचा. अंतर 220 मीटर. आधी साधी लॅन केबल ओढली, काही चालेना. ती केबल 100 मीटरपर्यंतच चालते, हे नंतर कळलं. वायफाय पानं भरली की दम तोडायचं. शेवटी आरएस 485 ची पीळ दिलेली दोन तारांची केबल टाकली. ती 1200 मीटरपर्यंत जाते. घरात तिला एक कन्व्हर्टर डबी, आणि डबीतून राऊटरला. पहिल्या दिवशी ए आणि बी तारा उलट्या लागल्या होत्या, त्यात अर्धा दिवस गेला. तारा बदलल्या आणि आकडे सुरू.

पुढं पोंगे फुटले, घड दिसायला लागले. सलग तीन दिवस सकाळी दाट धुकं. स्क्रीनवर आकडा एकच, पान ओलं 2 तास. मी निवांत.

नाना म्हणाले, "अरे, एकदा पानाला हात लावून ये."

मी म्हणालो, "नाना, तुम्ही नका काळजी करू, मशीन बघतंय."

आठवड्याच्या आत पानांवर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, आणि ती घडांवरही उतरली. मग लॉगरच्या मेमरीतल्या नोंदी उतरवून बघितल्या. त्या तीन रात्री पान ओलं होतं 9, 11 आणि 8 तास!

सेन्सर बरोबर, लॉगर बरोबर, तारही बरोबर. मग झालं काय? धुक्याच्या आदल्या दिवशी लाईट जाऊन आली होती. राऊटर नव्याने चालू झाला आणि जो आधी मागेल त्याला आधी, या हिशोबाने पत्ते वाटत सुटला. डबीचा 192.168.1.5 हा पत्ता माझ्या मोबाईलला मिळाला, डबीला दुसराच. कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहिला. उत्तर येईना, तर प्रोग्रामने शेवटचा आकडाच धरून ठेवला. म्हणजे पोस्टमन रोज दुसऱ्याच घराचं दार वाजवतोय, आणि मी जुनंच पत्र ताजं समजून वाचतोय.

यंत्र बंद पडलं असतं तर मी प्लॉटमध्ये गेलोच असतो. ते चालू दिसत होतं, तिथंच घात झाला.

आता काय बदललं ते सांगतो.

1. राऊटरमध्ये जाऊन डबीचा पत्ता राखून ठेवला. लाईट शंभरदा गेली तरी तो दुसऱ्याला जात नाही.

2. स्क्रीनवर आकड्याच्या वर शेवटच्या नोंदीची वेळ मोठ्या अक्षरात येते. अर्ध्या तासापेक्षा जुनी झाली की आकडा लाल.

3. लाईट येऊन गेली की कॉम्प्युटरवरून डबीला पिंग करतो आणि प्रोग्राममध्ये नवी नोंद आली का बघतो. नुसत्या पिंगवर जाऊ नका, त्या पत्त्यावर दुसरंच कुणी उत्तर देत असेल.

4. आठवड्यातून एकदा सेन्सरवर पाणी शिंपडतो. पुढच्या नोंदीला आकडा हलला पाहिजे. सेन्सरपासून स्क्रीनपर्यंत अख्खी लाईन तपासायचा हा सगळ्यात सोपा उपाय.

5. डबी आयसोलेशनवाली घेतली आणि दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावले. विजेच्या दिवसांत एवढी लांब तांब्याची तार उघडी ठेवू नका.

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला वाचतोच, पण तो आपल्या प्लॉटला लावायचा तर आपला आकडा आजचा पाहिजे.

आणि हो, सकाळी पानाला हात लावायला आता मी स्वतः जातो. नाना काही बोलत नाहीत, नुसते हसतात.

तुमच्या यंत्राची शेवटची नोंद कितीची आहे? आत्ता उठून बघा.