'अजून नाही' असं लिहिता यायला हवं

चि. मेघनास,


तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या बीटमधल्या, म्हणजे तुझ्या देखरेखीखालच्या, सगळ्या शाळा अध्ययन निष्पत्तीवर, म्हणजे मुलाला प्रत्यक्ष काय आलं यावर आणायच्या, आणि त्याही याच वर्षी, असं वरून सांगितलंय. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंयस. फोनवर उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हा बदल मला मनापासून हवा आहे, हे आधी सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेचा सगळा हिशेब 'किती शिकवून झालं' यावर चालायचा. साहेब तपासणीला आले की विचारणार, घटक कुठवर आला? वार्षिक नियोजनात जानेवारीत भागाकार आहे आणि टाचणवहीतही भागाकार आहे, म्हणजे सगळं ठीक. वर्गातल्या किती मुलांना भागाकार येतो, हे विचारायला त्या वहीत जागाच नव्हती. पुढे 2010 साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं. ते योग्यच झालं. नापासाच्या शिक्क्यामुळे घरी बसवलेल्या आणि वर्षभरात लग्न करून दिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण मूल वरच्या वर्गात गेलं म्हणजे शिकलं, असा सोयीचा अर्थ आपण सगळ्यांनी काढला. 2024 च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीचा उतारा वाचता आला. बाकीची मुलं पाचवीच्या पुस्तकासमोर रोज पाच तास बसून काय करत असतील, याचा विचार केला की जीव तुटतो.

म्हणून 2017 च्या फेब्रुवारीत शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांमध्ये इयत्तावार, विषयवार निष्पत्ती आल्या, तेव्हा मला फार आनंद झाला. तिसरी संपताना माझ्या मुलीला काय आलं पाहिजे, हे शेतमजुरी करणाऱ्या आईलाही विचारता येईल अशा भाषेत कुणीतरी लिहून ठेवलं. हा त्या आईचा हक्क आहे. तू ज्या पदावर आहेस, तिथे तिच्या वतीने हा प्रश्न विचारणं हेच तुझं काम आहे.

आता निष्पत्ती बघायची कशी, ते एका मुलीवरून सांगते. माझ्या वर्गात तिसरीला एक मुलगी होती. 52 वजा 27 दिलं की पाटीवर 35 लिहायची, दर वेळी. चाचणीत शून्य. मी शेजारी बसले आणि म्हटलं, कसं केलंस ते सांग. ती म्हणाली, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचं, हा नियम तिने स्वतःच ठरवला होता आणि इमानाने पाळत होती. मग विचारलं, आईने 52 रुपये दिले, 27 ची भाजी घेतली, परत किती आणशील? ती जरा वेळ बोटांशी खेळली. सत्तावीसला तीन दिले की तीस, आणि वर बावीस. पंचवीस. पाटीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिला वजाबाकी येत होती. एक दशक सोडून त्याचे दहा सुटे करायचे, एवढंच हातात आलेलं नव्हतं. काड्यांचा एक गठ्ठा तिला स्वतःला सोडायला लावला, तिच्या हाताने सुट्या काड्यांत मिसळायला लावला. पुढच्या आठवड्यात पाटीवर 25 येऊ लागलं.

मेघना, 'दोन अंकी संख्यांची वजाबाकी करते' ही निष्पत्ती दुसरीची. फॉर्मवर तिच्यापुढे बरोबर किंवा चूक एवढंच येणार. पण शिक्षकाला उपयोगी पडणारी माहिती त्या दोहोंच्या मधे असते, आणि ती मुलाशेजारी बसल्याशिवाय मिळत नाही. तुझ्या शिक्षकांना हे करायला वेळ मिळतो का, हे आधी बघ. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामावर गेला की दुसऱ्याच्या गळ्यात चारही इयत्ता पडतात. त्यात पोषण आहाराची नोंद आणि रोजची ऑनलाइन माहिती. अशा माणसाकडे निष्पत्ती मागण्याआधी त्याच्या कामांतली दोन तरी कामं तुला कमी करता आली, तर ती कर. बाकी सगळं त्यानंतर.

गाभ्याची गोष्ट मला अशी वाटते. आजवर आपल्या शाळेत वेळ ठरलेला होता आणि शिकणं कमीजास्त होतं. जून ते एप्रिल, ज्याला जेवढं आलं तेवढं. निष्पत्तीची पद्धत खरोखर आणायची तर हे उलटं करावं लागतं. काय यायला हवं ते पक्कं, त्याला लागणारा वेळ आणि वाट मुलागणिक वेगळी. हे नुसतं बोलणं नाही, आपल्याकडे झालेलं आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये फरशीवर आखलेले तक्ते, काड्या, मणी, शब्दपट्ट्या घेऊन मुलं गटागटाने आपापल्या पायरीवर काम करायची. ते पाहायला राज्यभरातून हजारो शिक्षक आले. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या निर्णयामागेही अशाच शाळांची उमेद होती. मात्र कित्येक ठिकाणी फरशी रंगवून झाली आणि काम तिथेच थांबलं. रंगाचे फोटो पाठवता येतात, मुलाशेजारी बसल्याचे पाठवता येत नाहीत.

आणि इथेच माझी खरी काळजी आहे. तू लिहिलंयस की प्रत्येक शाळेने महिनाअखेर 'शंभर टक्के निपुण' कळवायचंय. असा आकडा मागितला की तो येतोच. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा हेच झालं. कल्पना किती चांगली होती! मुलाला रोज बघा, जे दिसेल ते आपल्या शब्दांत लिहा. वर्षभरात बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, आणि जिल्ह्यातली सगळी मुलं 'परिपाठात उत्साहाने सहभागी' होऊ लागली. शिक्षक आळशी होते म्हणून हे झालं नाही. कमी लिहिलं की नोटीस येते, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

हे दुखणं जुनं आहे. इंग्लंडमध्ये 1862 पासून शाळेचं अनुदान मुलांच्या परीक्षेवर ठरू लागलं. निरीक्षक यायचा, वाचन, लेखन आणि अंकगणितात सहा इयत्तांच्या ठरीव कसोट्या घ्यायचा, मूल उतरलं तर पैसे. मुलांकडून वाचनाचं आख्खं पुस्तक पाठ करून घेतलं जाऊ लागलं. मॅथ्यू अर्नॉल्ड हा कवी स्वतः शाळानिरीक्षक होता, त्याने याविरुद्ध कळकळीने लिहिलं. आपल्याकडे 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला जे निवेदन दिलं, त्यातही निकालावर पैसे देण्याला त्यांचा विरोध आहे. जिथे शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, अशा लोकांत जाऊन काम करायला मग कोणता शिक्षक तयार होईल, असा त्यांचा सवाल होता. धडगावसारख्या आदिवासी भागात बसून तू हे वाचते आहेस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तिथे आणखी एक गोष्ट आहे. ज्यावरून हे 'निपुण' आलं, त्या केंद्राच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द, समजून वाचावेत असं आहे. तुझ्याकडचं मूल घरात पावरी बोलतं. मराठी त्याच्या कानावर पहिल्यांदा वर्गात पडते. घड्याळ लावून त्याच्या हातात उतारा दिला, तर ते अक्षरांवरून धावेल आणि अर्थ मागेच राहील. उद्दिष्ट खाली आणू नकोस. 'आदिवासी मुलांना एवढंच जमणार' हे वाक्य तर कुणाच्या तोंडून ऐकून घेऊ नकोस. पण पहिली दोन वर्षं त्याची भाषा वर्गात येऊ दे. गोष्ट पावरीत सांगू दे, शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर गावातल्या बाईला वर्गात बसव. निष्पत्ती तीच ठेव, वाट त्याच्या घरावरून जाऊ दे.

2023 साली आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. फेरपरीक्षेतही मूल उतरलं नाही, तर त्याच वर्गात ठेवायचं. माझं मत तुला ठाऊक आहे. मूल मागे पडलंय हे पाचवीत जाऊन कळण्यापेक्षा दुसरीतच कळायला हवं, आणि दुसरीत कळायचं तर दुसरीच्या बाईंना 'हिला हातच्याची वजाबाकी अजून येत नाही' हे न घाबरता लिहिता आलं पाहिजे.

तेव्हा सुरुवात इथून कर. पुढच्या शिक्षण परिषदेत टक्केवारीचा विषयच घेऊ नकोस. प्रत्येक शिक्षकाला सांग, मागे राहिलेल्या एका मुलाची वही घेऊन या, आणि ते मूल कुठे अडलंय ते इतरांना दाखवा. दोन तास एवढंच. माहितीच्या तक्त्यात 'अजून नाही' असा एक रकाना स्वतः वाढव, आणि या रकान्यावरून कुणालाही खुलासा मागितला जाणार नाही, हे प्रत्येक शाळेच्या शेरेवहीत तुझ्या सहीने लिही. वरून विचारणा झाली तर उत्तर तू दे. ते सोपं जाणार नाही, पण तुझ्या खालच्या माणसाला ते देणं शक्यच नाही.

दिवाळीत येशील तेव्हा चार-पाच वह्या घेऊन ये, गणिताच्या. खोडलेली गणितं असतील त्याच आण. आपण दोघी बसून बघू.

तुझी,
शालनमावशी